४५च्या रेकॉर्डच्या भोकात बसणारी ती छोटी चकती

परवा रात्री सात इंची रेकॉर्ड लावली, गाणं संपताना पियानोचा एक लांब सूर आहे, आणि तो सूर विरेपर्यंत सरळ राहिला. जराही हलला नाही. मी सुई उचलली आणि परत तोच तुकडा ऐकला, मग परत एकदा. तीन आठवडे मी या एका सुराच्या मागे होते, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, कारण ज्या वस्तूवर हे सगळं अवलंबून होतं ती, म्हणजे रेकॉर्डच्या मोठ्या भोकात बसणारी छोटी चकती, इतकी साधी आहे की तिच्याकडे कुणी बघतच नाही.

सुरुवात अशी झाली. बाबांचे एक जुने मित्र आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, त्यांनी त्यांच्याकडची छोट्या रेकॉर्डींची पेटी मला दिली. साठेक रेकॉर्डी असतील. "तुझ्याकडे टर्नटेबल आहे ना, मग या इथे धूळ खात कशाला पडू देऊ," एवढंच म्हणाले. पेटी उघडली तर दोन प्रकार निघाले, काहींना मधे नेहमीसारखं बारीक भोक, एलपीला, म्हणजे मोठ्या बारा इंची रेकॉर्डला, असतं तसं, आणि बाकीच्यांना ते मोठ्ठं, ज्यातून दोन बोटं आरपार जातील असं. मोठ्या भोकाच्या रेकॉर्डीसाठी अडॅप्टर, म्हणजे भोक भरणारी चकती, लागतो हे माहीत होतं, आणि टर्नटेबलसोबत एक काळा प्लॅस्टिकचा अडॅप्टर आलेलाही होता, खोक्यात तसाच पडून होता. तो स्पिंडलवर, म्हणजे टर्नटेबलच्या मधल्या खुंटीवर, ठेवला, रेकॉर्ड ठेवली, स्पीड ४५वर, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांवर, केला, सुई टेकवली.

आणि सूर डुलायला लागला.

म्हणजे गाणं चालू होतं, शब्द कळत होते, पण सूर हळूच वर जायचा, हळूच खाली यायचा, पाळण्यात बसल्यासारखं. तालवाद्यं वाजत असताना फार जाणवायचं नाही. पण व्हायोलिन, ऑर्गन, पियानो, कुठलाही लांब धरलेला सूर आला की पोटात कसंतरी व्हायचं. पहिली शंका प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरवणाऱ्या बेल्टवर, जुना झालाय म्हणून नवीन बेल्ट टाकला. काही फरक नाही. मग स्ट्रोबची चकती ठेवून स्पीड बघितला, एकदम बरोबर. एलपी लावल्या, त्या सुरेख वाजल्या. मग त्याच पेटीतली बारीक भोकाची सात इंची रेकॉर्ड लावली आणि तीपण सुरेख वाजली, तेव्हा लक्षात आलं की डुलतायत त्या फक्त मोठ्या भोकाच्या.

मग मी डोळे टर्नटेबलच्या पातळीला आणून नुसतं टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, बघत बसले. हे कुणीही करून बघावं, ऐकण्यापेक्षा पटकन कळतं. आर्म सावकाश आतल्या बाजूला सरकत जायला हवा ना, तर तो सरकता सरकता डावीउजवीकडे हलत होता, प्रत्येक फेऱ्याला एकदा. म्हणजे रेकॉर्ड मध्यावर नव्हतीच, अंडाकृती फिरल्यासारखी फिरत होती. रेकॉर्डच्या कडेला बोटाने हलकेच ढकललं तर ती अडॅप्टरवर सरकली, चक्क खडखडली.

कॅलिपर काढला. रेकॉर्डचं भोक ३८.१ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दीड इंच, तसंच असायला हवं. अडॅप्टर ३७.२. आणि अडॅप्टरमधलं स्पिंडलचं भोक ७.५, माझा स्पिंडल ७.१. आता हिशोब करा, बाहेरच्या बाजूने ०.९चा ढिलेपणा म्हणजे रेकॉर्ड मध्यापासून ०.४५ सरकू शकते, आतल्या बाजूने अजून ०.२, दोन्ही एकाच दिशेला सरकले तर ०.६५ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, नखाच्या जाडीइतकं. पण खाच त्या क्षणी मध्यापासून किती लांब आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. सात इंची रेकॉर्डवर सुई साठ मिलिमीटरवर असेल तेव्हा ०.६५ म्हणजे जवळजवळ १.१ टक्का स्पीड जास्त, अर्ध्या फेऱ्यानंतर तेवढाच कमी. एक अर्धस्वर म्हणजे साधारण सहा टक्के, तर अर्धस्वराच्या पाचव्या हिश्शाइतका सूर वर आणि तेवढाच खाली. आणि ४५ला एक फेरा १.३३ सेकंदाचा, म्हणजे साधारण दर सव्वा सेकंदाला एक झोका. अगदी तेच मी ऐकत होते.

एलपीवर हाच ढिलेपणा असता तर? एलपीची पहिली खाच मध्यापासून साधारण १४६ मिलिमीटरवर असते, तिथे तोच ०.६५ अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. छोटी रेकॉर्ड मुळात सुरूच होते ८४च्या आसपास आणि संपते ५४च्या आसपास, म्हणजे एलपीला जिथे शेवट जवळ आलेला असतो तिथे हिची निम्मीअधिक बाजू असते. म्हणूनच छोट्या रेकॉर्डला मध्य जास्त नेमका हवा, आणि नेमक्या तिलाच आपण खोक्यात फुकट आलेली प्लॅस्टिकची चकती लावतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे कळल्यावर पहिला प्रश्न हाच पडला की एवढं मोठं भोक पाडलंच कशाला. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने १९४८ मधे ३३ आणि एक तृतीयांश स्पीडची बारा इंची एलपी आणली, तिला बारीक भोक. आरसीए व्हिक्टरने १९४९ मधे स्वतःची सात इंची ४५ आणली, आणि रेकॉर्डसोबत तिच्यासाठी वेगळा रेकॉर्ड चेंजरसुद्धा, म्हणजे एकामागून एक रेकॉर्डी आपोआप लावणारं यंत्र, आणला. त्या चेंजरचा स्पिंडल जाडजूड, दीड इंची, कारण रेकॉर्डींची चळत धरून ठेवणारी आणि एकेक खाली सोडणारी सगळी यंत्रणा त्या स्पिंडलच्या पोटात बसवलेली होती. बारीक स्पिंडलच्या चेंजरला बाजूने वेगळा दांडा लागायचा, तोल सांभाळावा लागायचा. इथे सगळं मधेच, आणि जाड खुंटीवरून रेकॉर्ड सरळ खाली उतरायची. रेकॉर्डींच्या लेबलाचा भाग मुद्दाम जरा जाड ठेवला होता, म्हणजे एकावर एक पडल्या तरी खाचा एकमेकींवर घासू नयेत. सुरुवातीला तर संगीताच्या प्रकाराप्रमाणे रेकॉर्डचा रंगही वेगळा होता, शास्त्रीय लाल, कंट्री हिरवी, लहान मुलांची पिवळी. मला ही सगळी कल्पना फार आवडते, कुणीतरी रेकॉर्ड आणि यंत्र यांचा एकत्र विचार केला होता. पुढच्याच वर्षी, १९५० मधे, सीबर्ग कंपनीने ४५ वाजवणारा ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की गाणं लावणारं यंत्र, आणला, आणि ज्यूकबॉक्सलाही ते मोठं भोक सोयीचंच होतं.

अडचण आली ती ज्यांच्याकडे बारीक स्पिंडलचं यंत्र होतं त्यांची. तिथून अडॅप्टरची गोष्ट सुरू होते. वेबस्टर-शिकागो कंपनीचे सुरुवातीचे अडॅप्टर जस्ताचे होते, भरीव, आत बसवायला अवघड आणि एकदा बसले की निघता निघायचे नाहीत. मग आरसीएसाठी थॉमस हचिसन यांनी ती हलकी प्लॅस्टिकची जाळीदार चकती केली, रेकॉर्डच्या भोकात दाबून बसवायची, जिला 'स्पायडर' म्हणतात. मधे गोल, त्यातून वळणारे तीन हात. आज टी-शर्टवर, मगवर, स्टिकरवर तो आकार दिसतो, आणि तो कशाचा आहे हे माहीत नसलेले लोकही तो घालून फिरतात.

कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने वेगळाच मार्ग काढला, मधे तिकोनी तुकडा ठेवूनच रेकॉर्ड छापायची, बारीक स्पिंडल असेल तर तशीच लावा, जाड असेल तर तुकडा ढकलून काढा. ब्रिटनमधे ४५ आल्या १९५२ मधे आणि तिथे हाच प्रकार रुळला, मधली चकती तीन किंवा चार बारीक पुलांवर धरलेली, ज्यूकबॉक्सवाले ती फोडून काढायचे.

आता या फोडून काढलेल्या रेकॉर्डींबद्दल थोडं सविस्तर, कारण पेटीत तशा सात-आठ होत्या आणि त्यांनी मला सगळ्यात जास्त छळलं. पूल तुटतात पण पूर्ण तुटत नाहीत, भोकाच्या कडेला बारीक ठोंब उरतात, अर्धा मिलिमीटर, कधी एक. डोळ्यांना दिसत नाहीत, बोट फिरवलं की टोचतात. चांगला मापातला अडॅप्टर असला तरी हे ठोंब रेकॉर्डला एका बाजूला ढकलून ठेवतात. मी बारीक सॅंडपेपर पेन्सिलीला गुंडाळला आणि फक्त ठोंबावर, भोकाच्या मूळ कडेला न लागता, हळूहळू घासलं. खाचांवर भुकटी उडू नये म्हणून रेकॉर्ड उभी धरून, आणि नंतर ब्रशने साफ करून. एका रेकॉर्डला तासभर लागला. पण भोकच वाकडं पाडलेलं असेल, म्हणजे मधली चकती फोडण्याऐवजी कुणीतरी पंच मारून भोक पाडलंय आणि पंच सरकलाय, तर घासून काही होत नाही.

स्पायडर मी एक पाकीटभर घेतले होते. ते बसवायची एक पद्धत असते. रेकॉर्ड मऊ कापडावर सपाट ठेवायची, एक हात आधी कडेत घालायचा, मग बाकीचे दोन अंगठ्याने खाली, टिक असा आवाज येतो. मग रेकॉर्ड डोळ्यांसमोर आडवी धरून बघायचं, चकती रेकॉर्डच्या पातळीत आहे का. खाली उतरलेली असेल तर खालच्या बाजूला फुगवटा येतो आणि रेकॉर्ड प्लॅटरवर सपाट बसत नाही, मग ती डावीउजवी डुलत नाही पण वरखाली होते.

आणि इथे माझ्या हातून एक रेकॉर्ड गेली. हे लिहिताना अजून त्रास होतो. सगळ्या ४५ व्हिनाइलच्या नसतात, अमेरिकेतल्या बऱ्याचशा पॉलिस्टायरीनच्या असतात, साच्यात ओतून केलेल्या, आणि पॉलिस्टायरीन वाकत नाही, सरळ तडकतं. मी स्पायडर दाबला, टिकऐवजी कट् असा कोरडा आवाज आला, आणि भोकाच्या कडेपासून लेबलातून खाचांपर्यंत एक केसासारखी रेघ गेली. काकांची रेकॉर्ड. त्यांना फोन करून सांगितलं तर ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अगं, त्या कडक असतात, त्यांच्यात काही दाबून बसवायचं नाही, नुसत्या ठेवायच्या. मीच सांगायला हवं होतं तुला." कसं ओळखायचं तेही सांगितलं. नखाने किंवा पेन्सिलीने कडेला हलकं वाजवलं की व्हिनाइल बद्द वाजतं, स्टायरीन काचेसारखं टणक. लेबलसुद्धा बघायचं, स्टायरीनवर ते बहुतेकदा नंतर चिकटवलेलं असतं, व्हिनाइलवर ते दाबतानाच एकजीव झालेलं असतं. तेव्हापासून पेटीतल्या स्टायरीनच्या सगळ्या रेकॉर्डींच्या पाकिटावर मी पेन्सिलीने एक छोटं वर्तुळ काढून ठेवलंय, वर्तुळ असेल तिथे स्पायडर लावायचा नाही.

तर मग चांगली भरीव चकतीच हवी होती, प्लॅटरवर ठेवायची आणि वरून रेकॉर्ड सोडायची. बाजारात ॲल्युमिनियमच्या, पितळेच्या मिळतात, वरून घुमटासारख्या. दिसायला छान. पण माझं म्हणणं असं की चमक, वजन सगळं नंतर, आधी विकणाऱ्याला दोन मापं विचारा, बाहेरचा व्यास आणि आतलं भोक. सांगता आलं नाही तर घेऊ नका. काही चकत्या शंकूसारख्या उतरत्या असतात, त्यांची कल्पना अशी की रेकॉर्ड आपोआप मध्यावर येईल, आणि येतेही, पण खालचा घेर भोकापेक्षा मोठा असेल तर रेकॉर्ड शंकूवर अडकून मॅटच्या, म्हणजे प्लॅटरवरच्या पातळ गादीच्या, वर तरंगत राहते, मग ती मॅटच्या आधाराशिवाय फिरते आणि घसरतेसुद्धा. सरळ कडेची चकती, वरच्या तोंडाला जरासा उतार, एवढंच पुरे.

माझ्या मैत्रिणीकडे थ्रीडी प्रिंटर आहे, तर आम्ही स्वतःच करून बघितली. पहिली फसली. स्पिंडलचं भोक ७.२ आखलं होतं, छापून आलं ते ७च्याही आत, स्पिंडलवर जाईचना, प्रिंटरमधून भोकं नेहमी लहानच येतात म्हणाली. शिवाय तळाचा पहिला थर बाहेर पसरला होता, हत्तीच्या पायासारखा, त्यामुळे रेकॉर्ड खालपर्यंत उतरेना. दुसऱ्या वेळी भोक जरा मोठं आखलं, तळाच्या कडेला तासल्यासारखा उतार दिला, बाहेरचा व्यास ३८.० ठेवला. ही बसली. स्पिंडलवर टेकवली की स्वतःच्या वजनाने हवेवर तरंगत हळूच खाली उतरते, खडखड नाही, अडकणं नाही. रेकॉर्ड ठेवताना एक मऊ 'ठप' होतं. त्या ठपवर माझा जीव जडलाय.

जाता जाता दोन गोष्टी, ज्या मला दोनतीन जणांनी विचारल्यात. अडॅप्टरने स्पीड बदलत नाही, तो फक्त भोक भरतो, ४५चं बटण किंवा बेल्ट दुसऱ्या पुलीवर घेणं हे आपल्यालाच करावं लागतं. आणि भोक मोठं म्हणजे ४५ आणि बारीक म्हणजे ३३ असंही नाही, बारीक भोकाच्या ४५ भरपूर आहेत, सात इंची ३३सुद्धा असतात, लेबल वाचायचं. आणि हो, काही जुन्या टर्नटेबलमधे अडॅप्टर प्लॅटरच्या मधेच बसवलेला असतो, फिरवला की वर येतो, तेव्हा खोका शोधण्याआधी तिथे बघा.

एवढं सगळं होऊनही तीन रेकॉर्डी डुलतच होत्या. नवी चकती, स्वच्छ कडा, तरी डुलतायत, म्हणजे भोकच कारखान्यात मध्यावर पडलेलं नाही. मी काकांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "तुझी ती पहिली ढिली चकती टाकलीस का?" टाकली नव्हती. "मग तीच लाव. ढिली आहे म्हणून तर रेकॉर्ड सरकवता येते."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. एलपीचं भोक वाकडं असेल तर काही करता येत नाही, बारीक भोकात जागाच नसते. नाकामिची कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीएक्स-१००० नावाचं टर्नटेबल काढलं होतं, ते वाकडेपणा मोजून रेकॉर्ड स्वतःच मध्यावर सरकवायचं, केवढं मोठं आणि महागडं यंत्र त्यासाठी. आणि मोठ्या भोकाच्या रेकॉर्डला तीच सोय एका ढिल्या चकतीने मिळते. करायचं असं, रेकॉर्ड लावायची, आर्म सगळ्यात जास्त बाहेर कुठे जातो ते बघायचं, तिथे लेबलावर कागदाचा तुकडा ठेवून खूण करायची, सुई उचलून प्लॅटर थांबवायचा, आणि खुणेच्या बाजूने रेकॉर्ड आत ढकलायची, आर्म जेवढा हलत होता त्याच्या निम्मी. निम्मीच, कारण आर्मचं हलणं वाकडेपणाच्या दुप्पट दिसतं. मग परत सुई. दोन-तीन प्रयत्नांत आर्म शांत होतो. वर हलकं वजन ठेवलं तर रेकॉर्ड परत सरकत नाही, फक्त झाकण लावताना वजन त्याला लागत नाही ना ते बघा.

परवा रात्री वाजली ती या तिघींतलीच एक. आता स्पिंडलशेजारी दोन चकत्या असतात, पांढरी मापातली आणि काळी ढिली, आणि ज्या तीन रेकॉर्डींना काळी लागते त्यांच्या पाकिटावर पेन्सिलीने बाण काढलाय, कुठल्या बाजूने ढकलायचं त्याचा, लेबलावरच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून मोजून. काका पुढच्या आठवड्यात ऐकायला येणार आहेत, तडकलेलीसुद्धा बाहेर काढून ठेव म्हणालेत, रेघेच्या आतला भाग अजून वाजतो का बघूया म्हणून.